पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश: गणिताचा पाया कुठून आणि कसा पक्का करावा?

यंत्र_निफाड (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी निफाड तालुक्यातला आहे. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका पूर्ण करून यंदा नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे सगळे ज्याला डी-टू-डी म्हणतात त्या मार्गाने, प्रवेश घेतला आहे. पदविकेत गणित होते ते पहिल्या वर्षी. पुढची दोन वर्षे ड्रॉइंग, थर्मल, प्रॉडक्शन आणि वर्कशॉप यांत गेली आणि गणिताशी संबंध उरला तो सूत्रात आकडे घालून उत्तर काढण्यापुरता. आता पहिल्याच सत्रात एम-थ्री, म्हणजे अभियांत्रिकी गणिताचा तिसरा पेपर, समोर आले आहे. बारावी करून, एम-वन आणि एम-टू देऊन आलेली मुले जे तीन ओळींत लिहितात, त्याला मला अर्धे पान लागते आणि तरीही उत्तर जुळत नाही.

अडचण शब्दांत मांडणे कठीण जाते, म्हणून वहीतले एक उदाहरणच देतो. समीकरण असे आहे (डी म्हणजे क्षच्या सापेक्ष विकलन): (डी² + ५डी + ६) वाय = ई^(−क्ष). ऑक्झिलरी समीकरणाचे अवयव (डी + २)(डी + ३) असे पडले, मुळे −२ आणि −३ आली आणि सीएफ (उजवी बाजू शून्य धरून येणारा उत्तराचा भाग) पुस्तकाप्रमाणेच आले. पीआय (उजव्या बाजूमुळे येणारा उत्तराचा भाग) काढताना डीच्या जागी −१ ठेवला तेव्हा छेद शून्य आला, म्हणून ‘केस ऑफ फेल्युअर’चा नियम लावला: क्षने गुणले, छेदाचे विकलन करून २डी + ५ मिळवले, त्यात −१ ठेवून ३ आले आणि पीआय क्ष·ई^(−क्ष)/३ असे लिहिले. पुस्तकात मात्र ई^(−क्ष)/२ आहे. सरांनी शिकवलेला नियम मी तंतोतंत पाळला, तरी असे का व्हावे हे कळत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आठवीपासूनचे सगळे गणित पुन्हा करावे लागेल का? कॉलेज रोडवर एखादा क्लास लावणे योग्य, की स्वतः अभ्यास करून हे जमू शकते? मी रोज एसटीने ये-जा करतो, त्यामुळे घरी गेल्यावर गणितासाठी फार तर तासभर मिळतो. तो वेळ कसा वापरावा?

गंगापूररोड_गणित

मी पदवीच्या वर्गांना गणित शिकवते, त्यामुळे तुमचा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकते आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

आधी तुमचे उदाहरण पाहू. तुम्ही लावलेला नियम बरोबर आहे, पण तो लावण्याची वेळ या उदाहरणात येतच नाही. डीच्या जागी −१ ठेवला की डी² म्हणजे (−१)², अर्थात +१ होतो; ५डी चे −५ होतात; म्हणून छेद १ − ५ + ६ = २ येतो आणि पीआय ई^(−क्ष)/२ मिळते. तुम्ही कंस न घालता −१² असे लिहिले असावे आणि त्याची किंमत −१ धरली असावी. मग −१ − ५ + ६ ही बेरीज योगायोगाने शून्य झाली आणि त्या शून्याने तुम्हाला भलत्याच नियमाकडे नेले. याचा ताळाही करून पाहा: वाय = ई^(−क्ष)/२ असेल, तर पहिल्या विकलनाचा सहगुणक −१/२ आणि दुसऱ्याचा +१/२ येतो; १/२ − ५/२ + ६/२ = १, म्हणजे उजवी बाजू बरोबर मिळते. तुमच्या उत्तराचा असाच ताळा घेतला असता तर तो जुळला नसता.

अवकल समीकरणांचा भाग तुम्हाला समजला आहे, हे या उदाहरणावरून दिसते. निसटले आहे ते ऋण संख्येभोवतीचे कंस आणि तिचा वर्ग, म्हणजे शाळेतल्या एका धड्याचा एक कोपरा. म्हणूनच आठवीपासून सगळे करायचे का, याला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. सगळे करू पाहणारा विद्यार्थी पहिल्या दोन धड्यांत, जे त्याला येतच असते त्यात, उत्साह खर्च करतो आणि खरी अडचण जिथे आहे तिथपर्यंत पोहोचण्याआधी इनसेम (सत्राच्या मध्यावरची परीक्षा) येऊन ठेपते.

त्याऐवजी एक संध्याकाळ वेगळ्या कामासाठी ठेवा. पदविकेतल्या वह्या, आताच्या वर्गचाचण्या, असाइनमेंट, जे काही हाताशी असेल ते काढा आणि उत्तर चुकलेल्या प्रत्येक उदाहरणात चुकलेली पहिली ओळ शोधा. तिच्यापुढे काय झाले ते पाहू नका, कारण पुढचे सगळे त्या ओळीच्या ओघात आलेले असते. त्या ओळीशेजारी लाल पेनाने दोन शब्द लिहा: ‘वजा चिन्ह’, ‘कंस’, ‘अपूर्णांकांची बेरीज’, ‘घातांक’, ‘लॉग’, ‘त्रिकोणमितीचे सूत्र’. दहा-पंधरा उदाहरणे तपासून झाली की तेच दोन-तीन शब्द पुन्हा पुन्हा लिहिले गेल्याचे दिसते. विद्यार्थी ‘माझे गणितच कच्चे आहे’ असे सांगत येतो आणि पाहावे तर ते दोन-तीन ठिकाणीच कच्चे असते; मात्र ती ठिकाणे अशी असतात की प्रत्येक उदाहरण त्यांच्यावरून जाते.

त्या ठिकाणांसाठी धडे कोणते, तेही सांगते. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही. आठवीच्या पुस्तकातील घातांक, विस्तार सूत्रे आणि बैजिक राशींचे अवयव. नववीच्या पहिल्या भागातील वास्तव संख्या आणि बहुपदी. दहावीच्या पहिल्या भागातील वर्गसमीकरणे. एम-थ्रीच्या सुरुवातीसाठी शालेय गणितातले एवढे पुरे आहे. अर्थनियोजन किंवा भूमितीची प्रमेये या घडीला सोडून द्या. अकरावीच्या पहिल्या भागातील त्रिकोणमिती, दुसऱ्या भागातील संमिश्र संख्या आणि फल, बारावीच्या दुसऱ्या भागातील विकलन आणि संकलन मात्र तुम्हाला टाळता येणार नाहीत. पदविकेत हे विषय तुम्हाला थोडक्यात भेटलेले असतात, पण ऑपरेटर पद्धत (वरच्या उदाहरणातली डीची) आणि लाप्लास रूपांतर (अवकल समीकरण बीजगणितात बदलून सोडवण्याची पद्धत) यांसाठी ते अधिक सवयीचे असावे लागतात.

दहावीचा एक मुद्दा मुद्दाम वेगळा सांगते. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायला तुम्हाला शिकवले होते आणि सूत्र हाती आल्यावर ती पद्धत बहुतेक जण विसरून जातात. लाप्लासमध्ये १/(एस² + ४एस + १३) याचे व्यस्त रूपांतर विचारले की नेमकी तीच लागते: एस² + ४एस + १३ म्हणजे (एस + २)² + ९, आणि त्यावरून उत्तर (१/३)·ई^(−२टी)·साइन ३टी. दहावीतली ती एक ओळ आली नाही, तर लाप्लासचा अख्खा तक्ता पाठ असूनही उदाहरण पुढे सरकत नाही.

अंबड_डिझाइन

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत डिझाइन विभागात काम करतो आणि तुमच्यासारखाच पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला गेलो होतो. मॅडमनी सांगितलेली लाल पेनाची पद्धत मला पूर्णपणे पटते. धड्यांच्या क्रमाबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे.

रोज एकच तास असेल, तर आठवी, नववी, दहावी असा खालून वर येणारा क्रम लावू नये, असे मला वाटते. आज वर्गात झालेले एम-थ्रीचे उदाहरण समोर ठेवावे, सोडवायला घ्यावे, आणि जिथे अडेल त्या जागेपुरतेच खाली उतरावे. आंशिक अपूर्णांकांत अडले, तर तेवढा भाग काढून त्याची आठ-दहा उदाहरणे सोडवावीत आणि त्याच रात्री परत वर येऊन मूळ उदाहरण पूर्ण करावे. यात वर्गाशी संबंध तुटत नाही आणि आपण जुने का शिकत आहोत हे डोळ्यांसमोर राहते. दिवाळीपर्यंत पाया घालू आणि मग एम-थ्रीकडे वळू, असे ठरवलेल्या माझ्या वर्गमित्रांचा पाया दिवाळीपर्यंत पूर्ण झाला नाही आणि तोवर एम-थ्रीही बरेच पुढे निघून गेले होते.

दुसरा मुद्दा कॅल्क्युलेटरचा. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −१ लिहून वर्गाचे बटण दाबले की बहुतेक यंत्रे −१ हेच उत्तर देतात, कारण ते आधी १ चा वर्ग करतात आणि वजा चिन्ह नंतर लावतात. कंस घालून (−१)² असे लिहिले तरच १ मिळते. तुमच्या उदाहरणातली चूक हातून झाली की यंत्राकडून आली, हे तपासून घ्या. पाया पक्का करण्याच्या काळात कॅल्क्युलेटर दप्तरातच ठेवलेला बरा. १/२ − ५/२ + ३ यासाठी तो काढावा लागत असेल, तर हातालाच सराव हवा आहे.

क्लासबद्दल सांगायचे, तर एम-थ्रीचा क्लास तुम्हाला एम-थ्री शिकवेल. (−१)² शिकवायला तिथे कोणाला वेळ नसतो आणि तिथे ते विचारायला विद्यार्थ्याला संकोच वाटतो. शंका विचारता येईल अशी एक व्यक्ती मिळाली, मग ते महाविद्यालयातले सर असोत किंवा वर्गातला बारावीकडून आलेला मित्र, तर मला तो मार्ग अधिक उपयोगी वाटतो. त्याच्या बदल्यात तुम्ही त्याला मशीन ड्रॉइंग शिकवा. तिथे तुमचा हात त्याच्यापेक्षा नक्कीच चालता असेल.

एसटीतल्या वेळात आकडेमोड होत नाही, त्याचा हट्ट धरू नका. सूत्रे आठवून पाहण्यासाठी मात्र तो वेळ चांगला आहे: कार्डाच्या एका बाजूला ‘साइन २अ’, दुसऱ्या बाजूला ‘२ साइन अ कॉस अ’, आणि उलटून पाहण्याआधी मनात उत्तर.

गंगापूररोड_गणित

अंबडकरांचा आक्षेप रास्त आहे आणि वर्गाबरोबर चालत राहण्याचा आग्रह मलाही मान्य आहे. फक्त वजा चिन्ह, कंस आणि अपूर्णांक या तीन गोष्टींना मी अपवाद करीन. बाकी धड्यांत विद्यार्थी अडतो, थांबतो आणि त्यामुळे खाली उतरू शकतो. या तीन ठिकाणी तो अडतच नाही. चुकीची ओळ लिहून तो निर्धास्त पुढे जातो, जसे वरच्या उदाहरणात झाले. म्हणून सुरुवातीचे काही दिवस तासातली पंधरा मिनिटे केवळ या तिन्हींच्या सरावाला द्यावीत आणि उरलेला वेळ त्यांच्या पद्धतीने चालावे.

सरावाविषयी आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. व्हिडिओ पाहून किंवा सोडवलेले उदाहरण वाचून ‘समजले’ असे वाटते, ते वाटणे खरे असते, पण समजणे आणि करता येणे यांत बरेच अंतर आहे. पाहिलेले उदाहरण दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर, काहीही न पाहता, शेवटपर्यंत लिहून काढता आले तरच ते आपले झाले असे धरावे. आणि एकाच प्रकारची वीस उदाहरणे सलग सोडवू नयेत. धड्याचे नाव ‘आंशिक अपूर्णांक’ असले की कोणती पद्धत वापरायची हे धडाच सांगत असतो. परीक्षेत ते कोणी सांगत नाही. चार-पाच धड्यांतले एकेक उदाहरण काढून मिसळून सोडवा. हे जड जाते आणि सुरुवातीला चुकाही जास्त होतात, पण पद्धत ओळखण्याची सवय त्यातूनच लागते.

एखादे रूपांतर योग्य आहे की नाही अशी शंका आली, तर साधे आकडे घालून पाहण्याची सवय ठेवा. १/(अ + ब) म्हणजे १/अ + १/ब का? अ आणि ब दोन्ही १ घ्या: डावीकडे १/२, उजवीकडे २. वर्गमुळात अ² + ब² असेल, तर उत्तर अ + ब येते का? ३ आणि ४ घ्या: वर्गमुळात २५, म्हणजे उत्तर ५, बेरीज मात्र ७. असे अर्ध्या मिनिटाचे ताळे मोठी उदाहरणे वाचवतात. आकडे जुळले म्हणजे सूत्र सिद्ध झाले असे नाही, पण जुळले नाहीत तर ते खोटे आहे हे नक्की.

मुक्त_वाणिज्य

मध्येच विचारते, क्षमस्व. मी नोकरी करत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केले आणि आता अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. दहावीनंतर गणित घेतलेले नाही. मलाही हीच पद्धत लागू पडेल का, की माझ्यासाठी धडे वेगळे असतील?

गंगापूररोड_गणित

पद्धत तीच राहील, धडे थोडे बदलतील. ताई, तुम्ही शेकडेवारी, घातांक, लॉग आणि सरळ रेषेचा चढ एवढ्यांपासून सुरुवात करा. अर्थशास्त्रातले आलेख आणि वाढीचे दर यांवरच उभे असतात. एक उदाहरण देते. दरसाल ८ टक्के चक्रवाढीने रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतील? १.०८ चा कितवा घात २ होतो, एवढाच हा प्रश्न आहे. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की ०.३०१०/०.०३३४, म्हणजे सुमारे ९ वर्षे. हे उदाहरण व्याजाचा दर बदलून चार वेळा केले, की लॉग म्हणजे घातांक शोधण्याचे साधन आहे हे हाताला कळते. विकलन त्यानंतर घ्या.

देवळाली_कॅम्प

मॅडमनी वजा चिन्ह आणि कंस यांच्या रोजच्या सरावाविषयी लिहिले आहे, त्यासाठी आमच्या देवळालीतलीच एक गोष्ट सुचवतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, १९६२ मध्ये निवृत्त झाले, आणि ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते, आणि इथे पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. मध्ये शून्य आले तर ते गाळायचे नाही, एवढे पथ्य पाळावे.

हातच्याच्या वजाबाकीचा सराव यात होतोच, पण पदवीच्या विद्यार्थ्याने याच्या पुढे जावे. अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड आहेत असे माना आणि वजाबाकी अक्षरांत मांडा: (१०००अ + १००ब + १०क + ड) − (१०००ड + १००क + १०ब + अ). दुसरा कंस सोडवताना चारही पदांची चिन्हे बदलतात, आणि वजा चिन्ह ज्यांना छळते त्यांची खरी परीक्षा इथेच असते. नीट सोडवले तर ९९९(अ − ड) + ९०(ब − क) उरते. ३५२४ साठी ९९९ × ३ + ९० × १ = ३०८७, म्हणजे वरचे उत्तर जुळले. दोन्ही पदांना ९ ने भाग जातो, म्हणून प्रत्येक पायरीचे उत्तर ९ च्या पटीत असते, आणि पायऱ्या करताना चूक झाली की नाही याचा ताळा आपोआप मिळतो. उच्च पदव्या नसलेल्या एका शाळामास्तरांनी कागद-पेन्सिल घेऊन, निव्वळ गोडीपोटी हे शोधले, याचा देवळालीकर म्हणून मला फार अभिमान वाटतो.

यंत्र_निफाड (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या वह्या काढून मॅडमनी सांगितल्याप्रमाणे लाल पेनाने तपासल्या. ‘वजा चिन्ह’ आणि ‘कंस’ हेच शब्द सर्वांत जास्त वेळा लिहावे लागले, त्याखालोखाल ‘अपूर्णांक’. त्रिकोणमितीची सूत्रे मला कच्ची वाटत होती, पण तिथे फारसे काही सापडले नाही. कॅल्क्युलेटरवर कंसाशिवाय −१ चा वर्ग करून पाहिला, तर अंबडच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे −१ च आले.

आज आंशिक अपूर्णांकांचे एक उदाहरण घेतले आहे: (एस + ७)/((एस + १)(एस + ३)). त्याचे ३/(एस + १) − २/(एस + ३) असे दोन भाग आले. हे बरोबर आहे का, आणि पुस्तकाच्या मागे उत्तर न पाहता ते कसे ओळखावे?

गंगापूररोड_गणित

बरोबर आहे. ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. एसच्या जागी ० ठेवा: मूळ राशी ७/३ होते, तुमची ३ − २/३, तीही ७/३. एक किंमत जुळणे योगायोगही असू शकतो, म्हणून एस = १ घेऊन पुन्हा पाहा: मूळ राशी ८/८ = १ आणि तुमची ३/२ − २/४ = १. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही भाग परत एकत्र करणे: ३(एस + ३) − २(एस + १). इथे दुसऱ्या कंसातून −२ बाहेर येतो, +२ नव्हे, आणि तुमच्या वहीतले लाल शब्द पाहता हीच जागा जपायची आहे. ३एस + ९ − २एस − २ = एस + ७. व्यस्त लाप्लास ३ई^(−टी) − २ई^(−३टी) येईल.

आता १/(एस² + ६एस + २५) घ्या. याच्या छेदाचे वास्तव अवयव पडत नाहीत, तेव्हा आंशिक अपूर्णांकांचा मार्ग इथे चालणार नाही. दहावीची पूर्ण वर्ग पद्धत वापरा आणि सगळ्या पायऱ्या इथे लिहा, म्हणजे ओळीओळीने पाहता येईल.